अंतर्देशीय जलमार्गांवर नौकेने नौकेला ओलांडणे : नियम आणि त्यामागचे गणित

रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडून जाणे आपण रोज पाहतो. नदीतही तेच घडते. मागून येणारी बार्ज पुढच्या बार्जपेक्षा वेगात असते आणि तिला पुढे जायचे असते. मात्र नदीतल्या ओलांडण्याचे नियम रस्त्यापेक्षा बरेच कडक आहेत. अरुंद पाण्यात मागच्याने आधी विचारायचे, पुढच्याने होकार द्यायचा आणि होकार मिळाल्यानंतरही सगळी जबाबदारी मागच्याचीच राहते. विद्यार्थ्यांना हे विसंगत वाटते. पुढच्याने 'या' म्हटले, मग काही बिघडल्यास दोष एकट्या मागच्याचा कसा?

या टिपणात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी नियम पाठ करण्याआधी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील : ओलांडायला लागणारा वेळ, आणि दोन नौकांच्या मधले पाणी.

विषय आपल्याकडे महत्त्वाचा का, हेही थोडक्यात पाहू. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग आहेत. प्रयागराज ते हल्दिया हा गंगा-भागीरथी-हुगळीचा १,६२० किलोमीटरचा जलमार्ग पहिल्या क्रमांकाचा. ब्रह्मपुत्रेचा धुबरी ते सदिया हा ८९१ किलोमीटरचा मार्ग दुसरा. गोव्यातली मांडवी व झुवारी आणि रायगड जिल्ह्यातली अंबा नदी याही त्या यादीत आहेत. या पाण्यात मालाच्या बार्ज, प्रवासी फेरीबोटी, मासेमारीच्या होड्या आणि पर्यटकांच्या लाँच एकत्र चालतात. प्रत्येकीचा वेग वेगळा, म्हणून ओलांडण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात.

१. 'ओलांडणे' कशाला म्हणायचे?

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली तयार झाले व १९७७ पासून लागू आहेत. त्यांतला नियम १३ ओलांडण्याबद्दल आहे. त्यातली व्याख्या कोनावर आधारलेली आहे.

नौकेच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात बाजूंना सरळ पसरा. हातांची ही रेषा म्हणजे नौकेची आडवी रेषा. या रेषेच्या मागे २२.५ अंशांपेक्षा जास्त कोनातून जी नौका जवळ येते, ती ओलांडणारी नौका.

२२.५ हा आकडा दिव्यांशी जुळवलेला आहे. नौकेच्या डाव्या बाजूला लाल व उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. प्रत्येकाचा प्रकाश समोरपासून ११२.५ अंशांपर्यंत दिसतो. मागचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत दिसतो. बेरीज करा : ११२.५ + ११२.५ + १३५ = ३६०. म्हणजे रात्री पुढच्या नौकेचा फक्त मागचा पांढरा दिवा दिसत असेल आणि लाल-हिरव्यांपैकी एकही दिसत नसेल, तर तुम्ही तिला ओलांडण्याच्या स्थितीत आहात.

या व्याख्येला दोन पुरवण्या आहेत आणि त्या व्याख्येइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली : आपण ओलांडणारे आहोत की नाही अशी शंका आली, तर आहोत असेच समजायचे.

दुसरी : एकदा ओलांडणारे ठरलो की पुढच्या नौकेला पूर्ण मागे टाकून मोकळ्या पाण्यात जाईपर्यंत ओलांडणारेच राहतो. अर्ध्या वाटेत कोन बदलला, दुसऱ्या नौकेचा हिरवा दिवा दिसू लागला, म्हणून 'आता आपण आडवे जाणारे, वाट तिने द्यावी' असे म्हणता येत नाही.

ओलांडणारी नौका कोणत्या प्रकारची आहे, यानेही फरक पडत नाही. एरवी इंजिनाच्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यायची असते. पण वारा चांगला असून शिडाची नौकाच इंजिनाच्या नौकेला मागे टाकत असेल, तर वाट शिडाच्या नौकेने द्यायची.

२. वेळेचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. दोन बार्ज, प्रत्येकी ६० मीटर लांब. मागची 'अ' पाण्यातून ताशी १४ किलोमीटर वेगाने, पुढची 'ब' ताशी १० किलोमीटर वेगाने चालली आहे.

'अ'चे पुढचे टोक 'ब'च्या मागच्या टोकाशी आल्यापासून 'अ'चे मागचे टोक 'ब'च्या पुढच्या टोकापलीकडे जाईपर्यंत 'अ'ला 'ब'च्या तुलनेत ६० + ६० = १२० मीटर जास्त जावे लागते.

सापेक्ष वेग = १४ − १० = ४ किमी/तास = १.११ मीटर/सेकंद
वेळ = १२० ÷ १.११ = सुमारे १०८ सेकंद

आता याच दोन बार्ज समोरासमोर येऊन एकमेकींना बाजूने पार करत आहेत असे धरा.

सापेक्ष वेग = १४ + १० = २४ किमी/तास = ६.६७ मीटर/सेकंद
वेळ = १२० ÷ ६.६७ = १८ सेकंद

ओलांडताना दोन्ही नौका सहापट वेळ शेजारी-शेजारी असतात. समोरासमोरच्या भेटीत वेग जास्त असल्याने ती जास्त भीतीदायक वाटते. ओलांडण्यात धोका हळू येतो आणि बराच वेळ टिकतो. पाण्याचे जे परिणाम आपण पुढे पाहणार आहोत, त्यांना नौकेची दिशा फिरवायला १८ सेकंद अपुरे पडू शकतात. १०८ सेकंद भरपूर होतात.

प्रत्यक्षात काम १२० मीटरमध्ये संपत नाही. बाजूला वळण्यासाठी आधी १०० मीटर आणि पुन्हा आपल्या जागी येण्यासाठी नंतर १०० मीटर धरू. एकूण सापेक्ष अंतर ३२० मीटर.

वेळ = ३२० ÷ १.११ = २८८ सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटे
या वेळात 'अ'ने पाण्यातून कापलेले अंतर = ३.८९ × २८८ = सुमारे १,१२० मीटर

३. पुढे किती पाणी मोकळे हवे?

स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना महामार्गाच्या अभ्यासातले 'ओव्हरटेकिंग साइट डिस्टन्स' आठवेल. तिथे आपण तीन अंतरे मिळवतो : चालकाच्या विचारात जाणारे अंतर, ओलांडताना कापलेले अंतर, आणि तेवढ्या वेळात समोरच्या वाहनाने कापलेले अंतर. नदीत तत्त्व तेच आहे.

समोरून ताशी १० किलोमीटर वेगाने तिसरी नौका येत आहे असे धरा. २८८ सेकंदांत ती ८०० मीटर पुढे येईल. म्हणून 'अ'ला ओलांडणे सुरू करताना समोर किमान १,१२० + ८०० = १,९२० मीटर पाणी रिकामे दिसले पाहिजे. यात विचारायला, उत्तर मिळायला आणि सुकाणूला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ धरलेला नाही. थोडक्यात, दोन किलोमीटरहून जास्त.

आता प्रवाह विचारात घेऊ. नदीचे पाणी ताशी ४ किलोमीटर वेगाने वाहत आहे.

प्रवाहाच्या दिशेने जाताना 'अ'चा काठाच्या तुलनेतला वेग १८ किमी/तास. २८८ सेकंदांत ती काठावरून मोजलेले १,४४० मीटर जाईल.
प्रवाहाविरुद्ध जाताना हा वेग १० किमी/तास. तेवढ्याच वेळात ती ८०० मीटर जाईल.

वेळ दोन्हीकडे सारखाच आहे, कारण दोन्ही नौका एकाच वाहत्या पाण्यात आहेत. समोरून येणाऱ्या नौकेचे गणितही बदलत नाही. 'अ' प्रवाहासोबत १,४४० मीटर जाते तेव्हा समोरची प्रवाहाविरुद्ध ४८० मीटर येते. बेरीज पुन्हा १,९२० मीटर.

बदलतात ती न हलणाऱ्या गोष्टींपर्यंतची अंतरे. वळण, पुलाचा खांब, वाळूचा उथळ पट्टा, घाट हे सगळे जागेवर असतात. प्रवाहासोबत जाताना ते लवकर येतात. पुढचे वळण १,२०० मीटरवर असेल, तर वर जाताना ओलांडणे पूर्ण होईल आणि खाली येताना ते वळणापूर्वी पूर्ण होणार नाही. शिवाय प्रवाहासोबत जाणारी नौका काठाच्या तुलनेत चटकन थांबू शकत नाही. म्हणून खाली येताना ओलांडण्याचा निर्णय अधिक जपून घ्यायचा.

४. दोन नौकांच्या मधले पाणी

रस्त्यावर दोन ट्रक शेजारून गेले तर त्यांच्यामधल्या हवेचा परिणाम थोडा असतो. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट जड आहे. इथे दोन नौका एकमेकींना स्पर्श न करता ढकलतात आणि ओढतात.

चालत्या नौकेच्या पुढच्या टोकाशी पाणी दाबले जाते, तिथे दाब जास्त असतो. मधल्या भागात पाणी बाजूने वेगाने मागे सरकते, तिथे दाब कमी असतो. मागच्या टोकाशी दाब पुन्हा वाढतो. आता ओलांडण्याच्या तीन टप्प्यांत काय होते ते पाहा.

पहिला टप्पा : 'अ'चे पुढचे टोक 'ब'च्या मागच्या टोकाजवळ येते. 'अ'च्या पुढच्या दाबाने 'ब'चे मागचे टोक बाहेर ढकलले जाते. त्यामुळे 'ब'चे पुढचे टोक 'अ'च्या वाटेकडे वळू लागते. 'ब'च्या सारंगाने सुकाणूला हात लावलेला नसतानाही हे घडू शकते.

दुसरा टप्पा : दोघी अगदी शेजारी. मधल्या अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि दोन्ही नौका एकमेकींकडे ओढल्या जातात.

तिसरा टप्पा : 'अ'चे मागचे टोक 'ब'च्या पुढच्या टोकाशी. 'ब'च्या पुढच्या दाबाने 'अ'चे मागचे टोक बाहेर जाते आणि 'अ'चे पुढचे टोक 'ब'च्या समोर आडवे वळू पाहते.

दुसऱ्या टप्प्यातली ओढ किती मोठी असू शकते, याचा ढोबळ अंदाज बर्नुलीच्या समीकरणाने काढता येतो. नौकेच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा सापेक्ष वेग ३ मीटर/सेकंद आणि दोघींच्या मध्ये ३.५ मीटर/सेकंद धरू.

दाबातला फरक = ½ × १००० × (३.५² − ३²) = १,६२५ पास्कल

पाण्याच्या पातळीत हा फरक सुमारे १७ सेंटीमीटरचा होतो. नौकेचा पाण्याखालचा भाग दीड मीटर आणि लांबी ६० मीटर, म्हणजे बाजूचे क्षेत्रफळ ९० चौरस मीटर. बल = १,६२५ × ९० = सुमारे १,४६,००० न्यूटन, म्हणजे जवळपास १५ टन वजनाइतके. सगळ्या लांबीवर दाब सारखा कमी होत नाही, म्हणून हा वरच्या मर्यादेचा अंदाज समजा. पण पाण्याच्या वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरची वाढ झाली तरी बल टनांत मोजावे लागते, हे लक्षात राहू द्या.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते.

काठाचा परिणाम : नौका काठाच्या फार जवळून गेली की तिचे मागचे टोक काठाकडे ओढले जाते आणि पुढचे टोक काठापासून दूर फेकले जाते. 'अ'ला जागा द्यायला 'ब' काठाकडे सरकली, तर तिचे पुढचे टोक पुन्हा 'अ'च्याच दिशेने वळते. पहिल्या टप्प्यातला परिणाम आणि हा परिणाम एकाच दिशेने काम करतात.

खाली बसणे : उथळ पाण्यात चालती नौका तिच्या स्थिर खोलीपेक्षा थोडी खाली बसते. हे बसणे साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शेजारी दुसरी नौका असेल तर आणखी वाढते. तळाला पुरेसे पाणी आहे असे समजून निघालेली नौका ओलांडतानाच वाळूला टेकू शकते.

हे सर्व परिणाम अंतर कमी झाले की झपाट्याने वाढतात. अंतर किती मिळते? जलमार्ग विकास प्रकल्पात वाराणसी ते हल्दिया या टप्प्यासाठी ४५ मीटर रुंदीच्या नौकानयन पट्ट्याचे आणि २.२ ते ३ मीटर खोलीचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या बार्जची रुंदी १२ मीटर धरा. दोन बार्जनी २४ मीटर व्यापले. उरलेले २१ मीटर तीन जागांत वाटायचे : डावा काठ, मधली जागा, उजवा काठ. प्रत्येकीला ७ मीटर. ६० मीटर लांबीच्या नौकेची दिशा ७ अंशांनी फिरली, तरी तिचे एक टोक मध्यापासून साडेतीन मीटरहून जास्त सरकते. दोघींचीही टोके आत वळली तर ७ मीटर संपले.

५. नियम काय सांगतात आणि का

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

वाट देण्याची जबाबदारी मागच्याची : ओलांडायचे की नाही, कधी आणि कुठे, हे फक्त मागचा ठरवतो. त्याला पुढची नौका समोर दिसत असते, पुढच्याला मात्र मान वळवावी लागते. मागे राहण्याचा सुरक्षित पर्यायही नेहमी मागच्याकडेच असतो. म्हणून नियम १३ नुसार, ओलांडल्या जाणाऱ्या नौकेपासून दूर राहणे हे ओलांडणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पुढच्याने काय करायचे : नियम १७ नुसार पुढच्या नौकेने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. मागच्याचा सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. मात्र मागची नौका वाट देत नाही हे स्पष्ट झाले, तर पुढच्याला टक्कर टाळण्यासाठी हालचाल करता येते. एकट्या मागच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतकी जवळीक झाली, तर पुढच्याने ती केलीच पाहिजे.

अरुंद पाण्यात विचारणे का : नियम ९ अरुंद मार्गांसाठी आहे. पुढची नौका थोडी बाजूला झाल्याशिवाय सुरक्षित ओलांडता येत नसेल, तर मागच्याने भोंग्याने इच्छा कळवायची आणि संमती मिळाल्यावरच पुढे जायचे. कारण आता मागच्याला फक्त मोकळे पाणी पुरत नाही, पुढच्याची मदतही हवी आहे. चौथ्या भागात पाहिल्याप्रमाणे 'ब'ची दिशा आपोआप फिरणार आहे. तिच्या सारंगाला आधी कळले असेल तर तो सुकाणूने ते सावरू शकतो. संमतीचा खरा उपयोग हा आहे.

संमतीनंतरही जबाबदारी का : संमतीचा अर्थ 'मी तुमच्यासाठी जागा करतो' एवढाच. नियम ९ मध्येच लिहिले आहे की विचारून ओलांडल्यामुळे नियम १३ चे कर्तव्य संपत नाही. ओलांडण्याच्या पाच मिनिटांत परिस्थिती बदलू शकते. समोरून होडी येते, पाणी उथळ निघते. त्या वेळी थांबून मागे राहण्याचा पर्याय अजूनही मागच्याकडेच असतो.

६. भोंग्याची भाषा

लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. छोटा म्हणजे सुमारे एका सेकंदाचा. आंतरराष्ट्रीय नियमांतले संकेत असे आहेत :

लांब, लांब, छोटा : मी तुमच्या उजव्या बाजूने ओलांडू इच्छितो.
लांब, लांब, छोटा, छोटा : मी तुमच्या डाव्या बाजूने ओलांडू इच्छितो.
लांब, छोटा, लांब, छोटा : मान्य आहे. (पुढच्या नौकेचे उत्तर)
किमान पाच छोटे, भरभर : मला शंका आहे, तुमचा हेतू किंवा कृती सुरक्षित वाटत नाही.

लक्षात ठेवायला सोपे आहे. सुरुवातीचे दोन लांब लक्ष वेधण्यासाठी. नंतरच्या छोट्यांत एक म्हणजे उजवीकडे आणि दोन म्हणजे डावीकडे. अरुंद मार्गात प्रत्येक नौकेने आपल्या उजव्या काठालगत चालायचे असते. त्यामुळे पुढची नौका उजवीकडे आणि मोकळी जागा तिच्या डावीकडे, असे बहुधा असते. म्हणून दुसरा संकेत जास्त वापरला जातो.

उत्तर आले नाही तर? शांतता म्हणजे होकार नव्हे. पुढच्याने भोंगा ऐकला नसेल, इंजिनाच्या आवाजात तो दबला असेल. अशा वेळी मागेच राहायचे आणि पुन्हा विचारायचे. व्हीएचएफ रेडिओवर बोलता येत असेल तर कोणत्या बाजूने आणि कुठे ओलांडायचे ते स्पष्ट शब्दांत ठरवावे.

भोंग्याचे संकेत सगळीकडे एकसारखे नाहीत. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांवर उजव्या बाजूने ओलांडण्यासाठी एकच छोटा आणि डाव्या बाजूने ओलांडण्यासाठी दोन छोटे भोंगे देतात, आणि पुढची नौका तोच संकेत परत देऊन संमती दाखवते. आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र एक छोटा भोंगा म्हणजे 'मी उजवीकडे वळत आहे'. आपल्याकडे १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ आला असून नौकानयनाची सुरक्षितता आणि संकेत यांचे नियम त्याखाली येतात. तुम्ही ज्या जलमार्गावर काम करणार, तिथले लागू नियम आणि स्थानिक सूचना आधी वाचा, मगच भोंग्याला हात लावा.

७. पुढच्याने वेग कमी केला तर

संमती दिलेली पुढची नौका सर्वांत उपयोगी मदत करू शकते ती वेग कमी करून. दुसऱ्या भागातले उदाहरण पुन्हा घेऊ. ठरवून 'ब'ने वेग १० वरून ७ आणि 'अ'ने १४ वरून १२ किमी/तास केला.

सापेक्ष वेग = १२ − ७ = ५ किमी/तास = १.३९ मीटर/सेकंद
वेळ = ३२० ÷ १.३९ = सुमारे २३० सेकंद
'अ'ने पाण्यातून कापलेले अंतर = ३.३३ × २३० = सुमारे ७७० मीटर

दोघींनीही वेग कमी केला, तरी ओलांडणे जवळजवळ एक मिनिट लवकर आणि साडेतीनशे मीटर कमी अंतरात संपले. पाण्याचे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १२ आणि १४ च्या गुणोत्तराचा वर्ग ०.७३, तर ७ आणि १० च्या गुणोत्तराचा वर्ग ०.४९. म्हणजे 'अ'भोवतीचा दाब जवळपास तीन-चतुर्थांशावर आणि 'ब'भोवतीचा निम्म्यावर आला.

याउलट 'ब'ने वेग वाढवला तर? सापेक्ष वेग घटतो, शेजारी-शेजारी राहण्याचा वेळ वाढतो आणि बलही वाढते. संमती देऊन वेग वाढवणे हे शर्यत लावण्यासारखे आहे. मात्र वेग इतकाही कमी करू नये की सुकाणूला नौका दाद देणार नाही.

८. कुठे ओलांडू नये

वळणावर, किंवा वळणापूर्वी ओलांडणे पूर्ण होणार नसेल तेव्हा. पुढचे पाणी दिसत नसेल अशा वळणाजवळ एक लांब भोंगा देऊन सावधपणे जायचे असते.
पुलाखाली आणि पुलाच्या अलीकडे. खांबांमुळे रुंदी कमी होते आणि प्रवाह वाकडा होतो.
लॉकच्या तोंडाशी, आणि फरक्क्याच्या फीडर कालव्यासारख्या बांधलेल्या काठांच्या अरुंद पाण्यात पुरेशी रुंदी नसेल तर.
गाळ काढण्याचे काम चालू असेल तिथे, आणि फेरीबोटींच्या आडव्या मार्गावर.
धुके, जोराचा पाऊस किंवा धूर यांमुळे दोन किलोमीटरचे पाणी दिसत नसेल तेव्हा.
घाट आणि लहान होड्यांजवळ. ओलांडण्यासाठी वाढवलेल्या वेगाने उठणारी लाट काठाला बांधलेली होडी उलटवू शकते.

९. बुडापेस्टची दुर्घटना

२९ मे २०१९ रोजी रात्री नऊच्या सुमारास हंगेरीच्या राजधानीत, डॅन्यूब नदीवरील मार्गारेट पुलापाशी हा अपघात झाला. पाऊस पडत होता आणि नदीला पूर आला होता. 'हाब्लेआन्य' ही २७ मीटर लांबीची पर्यटक बोट आणि 'वायकिंग सिगिन' हे १३५ मीटर लांबीचे प्रवासी जहाज एकाच दिशेने चालले होते. मागून आलेल्या मोठ्या जहाजाची लहान बोटीला धडक बसली आणि ती काही सेकंदांत बुडाली. बोटीवर ३५ जण होते, त्यांतले ३३ दक्षिण कोरियाचे होते. फक्त सात जण वाचले. २०२३ मध्ये न्यायालयाने मोठ्या जहाजाच्या कप्तानाला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवून साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली.

आपली यादी या घटनेशी ताडून पाहा : रात्र, पाऊस, पूर, पूल, आणि पाचपट लांबीचे जहाज. लहान बोटीवरच्या प्रवाशांना काही करायला वेळ मिळालाच नाही. मागच्या जहाजाला मागे राहायला भरपूर वेळ होता. सगळी जबाबदारी ओलांडणाऱ्यावर ठेवण्यामागचे कारण याहून स्पष्ट दिसणार नाही.

१०. सारांश

ओलांडण्यात दोन नौका समोरासमोरच्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ शेजारी असतात.
त्या वेळात मधले पाणी दोघींची दिशा फिरवते, म्हणून पुढच्या नौकेला आधी कळवणे आवश्यक आहे.
मागे राहण्याचा पर्याय शेवटपर्यंत मागच्याकडे असतो, म्हणून संमतीनंतरही जबाबदारी त्याचीच.
शंका आली तर आपण ओलांडणारे आहोत असे समजा. उत्तर आले नाही तर नकार समजा.

स्वाध्याय

१. 'क' ही ८० मीटर लांबीची बार्ज १२ किमी/तास वेगाने, 'ड' या ५० मीटर लांबीच्या, ९ किमी/तास वेगाने जाणाऱ्या बार्जला ओलांडते. आधी व नंतर प्रत्येकी १०० मीटर अंतर धरा. (अ) एकूण वेळ किती? (ब) समोरून ९ किमी/तास वेगाने नौका येत असेल, तर किती पाणी मोकळे हवे?

२. वरच्या उदाहरणात दोन्ही बार्ज ताशी ३ किलोमीटरच्या प्रवाहासोबत खाली जात आहेत. पुढचा पूल १,५०० मीटरवर आहे. 'क'ने ओलांडणे सुरू करावे का?

३. रात्री तुम्हाला पुढच्या नौकेचा पांढरा दिवा दिसत होता. जवळ गेल्यावर तिचा हिरवा दिवाही दिसू लागला. आता वाट कोणी द्यायची?

उत्तरे : १. (अ) ३३० ÷ ०.८३३ = ३९६ सेकंद. (ब) १,३२० + ९९० = २,३१० मीटर. २. नाही. काठाच्या तुलनेत १५ किमी/तास वेगाने ३९६ सेकंदांत १,६५० मीटर लागतील, म्हणजे पुलाशी दोन्ही बार्ज अजून मोकळ्या झालेल्या नसतील. ३. तुम्हीच. तिला पूर्ण मागे टाकून मोकळ्या पाण्यात जाईपर्यंत तुम्ही ओलांडणारेच आहात.